काठमांडूला जायचं कुणी ठरवलं

नामदेवा,

गेल्या रविवारी सकाळी सहाला मी सवयीनं तुझ्या फाटकापाशी येऊन उभा राहिलो. पायात बूट, डोक्याला कानटोपी. नेहमीसारखा दोनदा खाकरलो. आतून तुझं "आलो रे मास्तर" यायला हवं होतं. त्याऐवजी खिडकी उघडली आणि सुमनवहिनी दिसल्या. तुला जाऊन पाच दिवस झाले होते.

"चहा टाकते, या भाऊ," त्या म्हणाल्या. मी "नको" म्हणालो आणि वळलो. त्रिरश्मी लेण्यांवर एकट्यानं जायचं धाडस झालं नाही. तुझ्या स्कूटरच्या मागं बसल्याशिवाय मी त्या पायऱ्या कधी पाहिलेल्याच नाहीत.

विहाराच्या मंडळींनी मला तुझ्याविषयी लिहायला सांगितलंय. तुझी नोकरी, तुझी निवृत्ती, तीस वर्षं एकही अपघात नाही म्हणून मिळालेला बिल्ला, हे सगळं दुसरं कुणी लिहील. मला तुझ्याशीच बोलायचंय. एक गोष्ट आहे, जी आपल्या दोघांनाच ठाऊक होती. तू गेल्यावर ती माझ्या एकट्याकडे राहिली, आणि मला पेलली नाही.

तू मला पहिल्यांदा भेटलास तो पेठच्या एसटीत. माझी बदली पेठकडच्या शाळेवर झाली होती आणि सोमवारी सकाळची पहिली गाडी तुझी असायची. तू मला पुढच्या बाकावर बसवायचास आणि घाट चढेपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीस. घाट संपला की म्हणायचास, "आता बोला मास्तर." पुढं तू लासलगावच्या मार्गावर गेलास. कांद्याचे लिलाव बंद पडले की त्या रस्त्यावर रास्ता रोको ठरलेला. एकदा मी तुझ्या गाडीत होतो. समोर ट्रॅक्टर आडवे, माणसं संतापलेली, आणि मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न देतायत. तू गाडी बंद केलीस, खाली उतरलास, बिडी पेटवून त्या शेतकऱ्यांच्या शेजारी उकिडवा बसलास. तासाभरानं त्यांनीच ट्रॅक्टर बाजूला घेऊन तुझी गाडी काढून दिली. मी विचारलं, हे कसं जमलं. तू म्हणालास, "रागावलेल्या मानसाला हॉर्न शिवीसारखा लागतो. मानूस कशापायी रागावलाय ते आधी ऐकून घ्यायचं. मग तोच वाट देतो."

मी वर्गात इतिहास शिकवत होतो. माणसांच्या रागाबद्दल मात्र मला तुझ्याइतकं कधीच कळलं नाही.

निवृत्तीनंतर तू कॉलनीतल्या लोकांना घेऊन तीर्थयात्रा सुरू केल्यास. ओळखीच्या मालकाची सतरा सीटची मिनीबस, चालक तू, आणि माहिती सांगायला मी. सांचीला गेलो, नागपूरला गेलो, आणि मग सारनाथ, बोधगया, कुशीनगर करत लुंबिनीला निघालो. निघायच्या आधी तू प्रत्येकाच्या घरी जाऊन एक कागद भरून घेतलास. नाव, घरच्यांचा फोन, कुठला आजार, कुठलं औषध, किती वाजता. एक प्रत तुझ्या खिशात, एक गाडीत, एक सुमनवहिनींकडे. मी हसलो होतो. "अरे, जनगणनेला निघालायस का?" तू म्हणालास, "दुसऱ्याच्या देशात चाललोय मास्तर. तिथं आपलं कोन हाय?" सोनौलीच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर गाडीचा परवाना काढतानाही तू दोन दिवस जास्तीचे मागून घेतलेस. परतायचा दिवस ठरलेला असताना हे कशाला, म्हणून मी तिथंही कुरकुरलो होतो.

आता ती गोष्ट.

लुंबिनीतली दुसरी सकाळ. बाकी मंडळी अजून आवरत होती. आपण दोघं फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होतो. तुझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत तू टपरीवाल्याशी बराच वेळ बोललास आणि मग माझ्याकडे वळलास.

"मास्तर, वरती काठमांडूला पोरं मोर्चा काढनार हायेत सोमवारी. सरकारनं त्यांचे फोनवरचे सगळे उद्योग बंद केलेत. हा बाबा म्हनतो, पोरं लय तापलीत. आपन इथूनच मागं फिरू."

लुंबिनीपर्यंतच यायचं असं आपलं मुळात ठरलेलं. काठमांडू म्हणजे वेळ उरला तर. पण स्वयंभूचा स्तूप मी पस्तीस वर्षं पुस्तकातल्या चित्रात दाखवत आलो होतो. एवढ्या जवळ येऊन परत जायचं माझ्या जिवावर आलं.

"मोर्चे कुठं नसतात नामा? आपल्याकडे रोज निघतात. आपण कोण? यात्रेकरू. आपल्याला कोण काय करणार?"

"आपल्याला कोनी काय करनार नाय. पन आपन मधी सापडू."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग चहाचा ग्लास ठेवलास आणि म्हणालास, "तुमचं लय मन हाय का?"

मी "हो" म्हणालो. पुढारी मी होतो. तू "बरं" म्हणालास. गाडीत बसल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, आपण काठमांडूला जातोय. बायांनी टाळ्या वाजवल्या. तू आरशातून माझ्याकडे पाहिलं नाहीस. तेव्हा ते मला बरंच वाटलं होतं.

सोमवारी सकाळी आपण स्वयंभूच्या पायऱ्या चढलो. माकडं, फडफडणाऱ्या पताका, वरून दिसणारं सगळं शहर. माझे डोळे भरून आले होते. मी स्तूपाभोवती फिरत होतो आणि तू कठड्याशी उभा राहून खालचा बाजार बघत होतास. साडेअकरा झाले असतील. तू आलास आणि माझ्या कानाशी म्हणालास, "दुकानवाले मांडलेला माल आत घेतायत. शटरं अर्ध्यावर आलीत. चला."

"जेवण तरी..."

"गाडीत बिस्किटं हायेत. चला."

तू पंधरा मिनिटांत सगळ्यांना खाली आणलंस. लॉजवर सामान उचलायला दहा मिनिटं दिलीस. गाडी तू आदल्या दिवशीच तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावली होतीस. कुणी फोटो काढायचे नाहीत, कुणी झेंड्याकडे बोट दाखवायचं नाही, खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे, असं शांतपणे सांगितलंस. शहराबाहेर पडताना आपल्या बाजूनं शाळेच्या गणवेशातली मुलं चालत येत होती. हातात पाट्या, चेहरे हसरे. माझ्या वर्गातली असावीत अशी. तू गाडी अगदी कडेला घेतलीस आणि ती सगळी जाईपर्यंत थांबलास. हॉर्न दिला नाहीस. त्यातल्या एका मुलीनं तुला हात केला. तूही केलास. त्याच दुपारी तिथं गोळीबार झाला हे आपल्याला संध्याकाळी कळलं. त्या मुलीचं काय झालं असेल, हे तू मला पुढं किती वेळा विचारलंस. मी दरवेळी म्हणायचो, "घरी गेली असेल." तू मान हलवायचास, पण तुला ते पटलेलं नसायचं.

संध्याकाळी नारायणगढच्या अलीकडच्या एका बाजारगावात तू गाडी थांबवलीस आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांशी बोलून आलास. म्हणालास, पुढच्या गावांत टायर जळतायत, सरकारी कचेऱ्यांना आगी लागतायत, संचारबंदी लागणार. इथंच राहू. एक वयस्कर बाई लहानसा लॉज चालवत होत्या. तू त्यांना दिदी म्हणालास आणि आपल्या सगळ्यांना तीन खोल्यांत जागा मिळाली.

मंगळवारी सकाळी मंगलनं तिची पिशवी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. इन्सुलिन काठमांडूच्या लॉजवरच्या फ्रिजमध्ये राहिलं होतं. माझ्या बायकोचा चेहरा तेव्हा किती लहान झाला होता.

मी तुझ्यावर धावून आलो. सगळ्यांच्या देखत. "तुझ्या घाईनं झालं हे. आता गाडी काढ. नाका दीडशे किलोमीटरवर आहे, चार तासांत भारतात पोचू."

"आज नाय काढनार."

"माझ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हनूनच नाय काढनार. रस्त्यात अडकलो तर ना डॉक्टर, ना पानी, ना डोक्यावर छप्पर. इथं निदान ओळख झालीय."

तेवढ्यात शेजारच्या आवारातून दुसऱ्या कुठल्याशा राज्यातली यात्रेकरूंची बस निघाली. मी बोट दाखवलं. "ते जातायत ना? त्यांना जीव नाही?" आणि मग मी तो शब्द वापरला. भित्रा म्हणालो तुला. एवढा मोठा ड्रायव्हर आणि भित्रा.

तू किल्ल्या खिशात घातल्यास आणि दिदींशी बोलायला आत गेलास.

तू खिशातला तो कागद काढून मंगलच्या औषधाचं नाव दिदींना दाखवलंस. त्यांच्या ओळखीची आरोग्यसेविका दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. मी म्हटलं, लगेच जाऊ. तू म्हणालास, बाहेर फिरायची बंदी आहे, लपतछपत गेलं की आपण चोर ठरतो. दारात उभा राहून तू कोपऱ्यावरच्या शिपायाला हात जोडलेस आणि तो जवळ येईपर्यंत जागचा हलला नाहीस. त्याला कागद दाखवलास, मंगलला दारात आणून उभं केलंस. तो म्हणाला, दुपारी दोन तास मोकळीक मिळेल, तेव्हा मी सोबत येतो. मला ते चार तास चार वर्षांसारखे गेले. मंगल मात्र म्हणाली, "भाऊजी म्हणतायत तसं करा, तुम्ही गप्प बसा." दुपारी तू, दिदी आणि तो शिपाई रस्त्याच्या मधून, सगळ्यांना दिसेल असे चालत गेलात. मी खिडकीतून बघत होतो. बाजारात कसलासा धूर होता आणि तू दिदींच्या चालीनं, सावकाश चालत होतास. पाऊण तासानं परत आलास तेव्हा तुझ्या हातात बर्फाच्या डब्यात ठेवलेल्या इन्सुलिनच्या दोन कुप्या होत्या.

मी "थँक्यू" म्हणालो. इंग्रजीत. कारण मराठीत म्हणायचं तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

तीन दिवस आपण तिथं राहिलो. तू सगळ्यांना कामं वाटून दिलीस. बाया दिदींच्या स्वयंपाकघरात भाकरी करायला शिकवत होत्या, पुरुष पाणी भरत होते. तू रोज सकाळ-संध्याकाळ नाशिकला एकच फोन करायचास, वहिनींना, आणि वहिनी पुढं सगळ्या घरांना कळवायच्या. फोनवर येणारी भीतीची चित्रं कुणी एकमेकांना दाखवायची नाहीत असं तू बजावलं होतंस. चौथ्या दिवशी पहाटे तो शिपाई येऊन म्हणाला, रस्ता मोकळा आहे. तू आधी तीन ट्रकवाल्यांना विचारलंस, मग गाडी काढलीस. दुपारी नाका ओलांडला तेव्हा सगळे रडत होते. तू टायर तपासत होतास.

ती दुसरी बस मंगळवारीच नीट पोचली होती, हे मला पुढं कळलं. आणि मी एवढा कोता, की लेण्यांच्या पायऱ्यांवर तुला ते ऐकवलं. "बघ, पोचले की ते." तू थांबून दम घेतलास. "पोचले ना? बरं झालं." थोडं चढून गेल्यावर म्हणालास, "पन मास्तर, पोचले म्हनून त्यांचं बरोबर होतं असं नाय." मी म्हणालो, असंच असतं. तू म्हणालास, नसतं. हा वाद आपण किती रविवार घातला असेल. तो तसाच राहिला. आता मला वाटतं तुझंच बरोबर होतं, पण हे ऐकायला तू नाहीस आणि तुझ्याशिवाय हा वाद हरण्यात काही अर्थ नाही.

आणि मग आपण घरी आलो त्या दिवसाचं.

विहारासमोर सगळी कॉलनी जमली होती. मिठ्या मारून झाल्या, पाणी झालं. माझा मुलगा आनंद आईला हाताला धरून उभा होता. चार दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो सरळ मध्ये येऊन म्हणाला, "मला एवढंच कळू द्या, लुंबिनीपर्यंतच जायचं ठरलं होतं ना? मग काठमांडूला जायचं डोकं कुणाचं?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी तोंडाला लावला.

"माझं," तू म्हणालास. "मला लय दिसांपासून स्वयंभू बघायचा होता. मास्तर नको म्हनत होते."

मी पाणी प्यायलो. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायलो. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, सुखरूप आले ना. आनंद तुला म्हणाला, "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तू मान खाली घातलीस आणि गाडीतलं सामान उतरवायला लागलास. मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. आता बोलेन, आता बोलेन. मग बायकोला घरी न्यायचं होतं. मग आंघोळ. मग उद्या.

पुढच्या यात्रेला श्रावस्तीला जायचं होतं. अकरा घरं मागं सरली. कुणी गुडघे दुखतात म्हणालं, कुणी नातवाची परीक्षा. खरं कारण तुलाही कळलं, मलाही. गाडीच्या मालकानंही टाळाटाळ केली. तू तो बेत सोडून दिलास. तुझं स्टिअरिंग त्यानंतर सुटलं ते सुटलंच. दुपारी तू ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बसचे नंबर वाचायचास, हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा मी विषय बदलला होता.

एकदाच मी प्रयत्न केला. लेण्यांवरून उतरताना म्हणालो, "नामा, ते काठमांडूचं..." तू म्हणालास, "चला, ऊन चढतंय." मी चटकन गप्प झालो. तू मला सोडवलंस आणि मी सुटलो. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं रे. दुसऱ्यांदा तू टाळलं नसतंस, असं मला सारखं वाटतं. की टाळलं असतंस?

परवा गुरुवारी तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहार भरून बाहेर माणसं उभी होती. तुझे डेपोतले जुने सोबती आले होते. वंदना झाली, एकेक जण बोलला. त्या सगळ्यांनी तुझ्यावर फार प्रेम केलं, नामदेवा. एक जण म्हणाला, "आयुष्यात त्यांची एकच चूक झाली, ती नेपाळची." प्रेमानंच म्हणाला. दोघंतिघं हसले.

मी उठलो. माइक हातात घेतला. मग सांगितलं. टपरी, चहा, तुझं "मागं फिरू", माझं "दोन दिवसांचा प्रश्न आहे". तू मला पाठीशी घातलंस आणि मी लपून राहिलो, हेही सांगितलं. भित्रा कोण होतं तेही. खाली बसलो तेव्हा आनंद समोरच्या रांगेत बसला होता, त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "मी त्यांना कितीदा टाळलं, बाबा. समोरून येताना दिसले की गल्ली बदलायचो." मला त्याच्याकडे बघवलं नाही.

काल वहिनींकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "मला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, भाऊ."

"मला वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल."

"नाही. मी पंधरा दिवस भांडले त्यांच्याशी. एवढी माणसं घेऊन वरती कशाला गेलात म्हणून. वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेत होते. एकदाही तुमचं नाव घेतलं नाही." त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. "तुमचं काम झालं, भाऊ. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आता माझं चुकलं, हे मी कुणाला सांगू?"

मी तिथंच बसून राहिलो. मग त्या म्हणाल्या, "तिकडं नक्की काय काय झालं ते सगळं सांगा मला. काही गाळू नका."

मी सांगत गेलो, नामदेवा. तू शिपायाला कसे हात जोडलेस ते सांगितलं. दिदींच्या चालीनं कसा चाललास, त्या मुलीला कसा हात केलास, सगळं सांगितलं. त्या मध्येच हसल्या, म्हणाल्या, "असेच होते ते." अंधार पडला तरी आम्हाला दिवा लावायचं सुचलं नाही.

शेवटी त्यांनी एकच विचारलं. "पण त्यांनी असं का केलं असेल हो, भाऊ? स्वतःच्या माथी का घेतलं?"

मैत्रीपोटी, असं म्हणणं सोपं होतं. माझी दया आली म्हणून, हेही खरं असेल. की त्या रागावलेल्या माझ्या पोरासमोर तू पुन्हा गाडी बंद करून खाली उतरून बसलास? मी खूप विचार केला आणि वहिनींना खरं तेच सांगितलं. म्हणालो, मला माहीत नाही. विचारायचं राहिलं.